हाताचा गुण

रविवारी सकाळी माणिकबाईंच्या ओसरीवर जी गर्दी जमायची, ती पाहून अकोटातल्या एखाद्या डॉक्टरच्याही पोटात दुखलं असतं. गाव सातपुड्याच्या पायथ्याचं, अकोटाहून एसटीने अर्ध्या तासाच्या वाटेवर. पण दर्यापूर-अंजनगावाकडूनही माणसं यायची. कुणी गुडघा धरून, कुणी कंबर धरून. माणिकबाई न्हाऊन-धुऊन पूर्वेकडे तोंड करून बसायच्या आणि जुन्या वहीच्या कागदात बांधलेल्या सात पुड्या एकेकाच्या हातावर ठेवायच्या. त्यांचे यजमान शेषराव तेवढा वेळ मुकाट्याने लोकांना पाणी देत फिरायचे.

नियम दोनच होते. औषधाचा पैसा घ्यायचा नाही, आणि औषधाचं नाव सांगायचं नाही. नाव तोंडाबाहेर पडलं की गुण गेला, असं माणिकबाईंना त्यांच्या सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. या दुसऱ्या नियमातून तिसरा आपसूकच निघाला: डॉक्टरने खोदून विचारलं तरी ब्र काढायचा नाही. लोक हा तिसरा नियम तर एकादशीच्या उपासापेक्षाही कडक पाळत.

खरं म्हणाल तर तीन पिढ्यांचं हे गुपित म्हणजे नाल्याकाठचा एक पाला आणि स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू. त्यांची नावं मी आत्ता सांगत नाही. वेळ आली की माणिकबाईच सांगतील, आणि ती वेळ त्यांच्यावर फार वाईट आली.

सासू होती तोवर सगळं सुरळीत होतं. त्या औषधाने पंधरा दिवसांत थोडा उतार पडे, नाही पडला तर लोक नशिबाला बोल लावून घरी बसत. सासू गेली आणि ओसरी हळूहळू रिकामी व्हायला लागली. एका रविवारी तर चारच माणसं आली. त्यातली एक बाई उठता उठता बोलून गेली, "सासूच्या हाताले गुण होता वो, सुनेच्या हाताले नाई तो." माणिकबाई हसल्या. पण ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं ते बसलंच. पाला तोच, कुटायचा खल तोच, मग हातातच खोट कशी? रात्रंदिवस तोच विचार.

त्याच हिवाळ्यात त्या शेषरावांसोबत अकोल्याला कृषी विद्यापीठाचं प्रदर्शन पाहायला गेल्या होत्या. परतताना बाजारातल्या एका गाळ्यात जडीबुटीवाला दिसला. त्याने एक पांढरी भुकटी दाखवली. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली. वर ना चिठ्ठी, ना छाप.

"कायची आहे हे?" माणिकबाईंनी विचारलं.

"अर्क आहे मावशी, पहाडातला. तुमच्या औषधात चिमूट चिमूट टाका. तिसऱ्या दिवशी मानूस नाचाले लागते. फिकर नका करू, आयुर्वेदिक आहे, याचं नुकसान होतच नाई."

माणिकबाईंनी पुढे काही विचारलं नाही. नाव विचारायचं नाही, हा तर त्यांच्याच घरचा नियम.

आणि माणसं खरोखर नाचायला लागली. माळीपुऱ्यातले नत्थुजी काठी टेकत आले होते, ते पुढच्या रविवारी काठी खांद्यावर टाकून आले. त्यांनी आपल्या बायकोला, शांताबाईलाही आणलं. पैसे घेत नाहीत म्हणून दर खेपेला मळ्यातली मेथीची एक ताजी जुडी ते ओसरीच्या कडेला ठेवून जात. गर्दी दुप्पट झाली, चौपट झाली. लोक पाया पडायला लागले. पहिल्यांदा माणिकबाईंनी पाय मागे घेतले. दुसऱ्या खेपेला घेतले नाहीत.

अशी चार वर्षं गेली. औषध सगळ्यांच्या अंगी लागलं होतं, गाल भरून आले होते, चेहरे गोल झाले होते. मध्येच कुणाला साखर निघाली, कुणी ओट्यावरून घसरून पडलं तर कंबरेचं हाड मोडलं. मागच्या उन्हाळ्यात शांताबाई लेकीकडे गेल्या आणि तिथेच चार दिवसांत गेल्या. तेरवीला माणिकबाई जाऊन आल्या, नत्थुजींच्या शेजारी बसून रडल्याही. एक-दोनदा त्यांच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण रविवार उजाडला, माणसं दिसली की ती पाल गप्प व्हायची.

या सगळ्यांत औषधाचं सर्वात जास्त कौतुक कुणाला असेल, तर ते माणिकबाईंच्या विहिणीला. माणिकबाईंची मुलगी रागिणी वरूडला दिली होती, संत्र्याच्या बागाईतदाराकडे. तिची सासू कौशल्याबाई, गुडघ्यांमुळे बागेत जाणं सोडून बसलेली. तीन वर्षांपूर्वी पुड्या सुरू झाल्या आणि संत्र्याची तोड होताना ती पुन्हा झाडाझाडाखाली दिसायला लागली. "पाहा न ईनबाई, तुमच्या औषधानं मी कशी गुटगुटीत झाली," असं म्हणून ती स्वतःचे गाल दाखवायची. पाहुण्यांत, लग्नात, भिशीत, जिथे जाईल तिथे विहिणीच्या हाताचा गुण गायची. असं भाग्य किती विहिणींना लाभतं?

यंदा अडचण झाली ती अशी. अकोल्याच्या त्या गाळ्याला कुलूप लागलं. औषध खात्याची माणसं आली होती, माल उचलून नेला, एवढंच शेजारचा दुकानदार बोलला. माणिकबाईंच्या डब्यात भुकटी उरली होती दोन रविवारांपुरती. आणि नेमकी त्याच वेळी कौशल्याबाई महिनाभराच्या पुड्या न्यायला आली.

माणिकबाईंनी हिशेब केला, आणि तो आठवला की पुढे कित्येक दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. रविवारची माणसं परकी. गुण आला नाही तर गावोगाव बोभाटा करतील. विहीण घरची, महिनाभर गुडघे दुखले तरी तोंडातून शब्द काढणार नाही. त्यांनी उरलेली भुकटी परक्यांसाठी राखून ठेवली आणि विहिणीला नुसता पाला बांधून दिला. वर मनाशी म्हणाल्या, घरच्या माणसाला शुद्धच द्यावं. माणूस स्वतःला किती सहज फसवतो.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, जावयाचा फोन आला. कौशल्याबाईला अमरावतीला दवाखान्यात भरती केलं होतं. माणिकबाई आणि शेषराव मिळेल त्या एसटीने निघाले आणि दुपारी पोचले.

कौशल्याबाई खाटेवर पडली होती. चेहरा गोलच, पण रंग मातीचा. दोन दिवसांपासून ओकाऱ्या, अंगात उभं राहायचं त्राण नाही, रक्तदाब सलाईन लावूनही वर येत नव्हता. डॉक्टर आकांक्षा म्हणून एक तरुण बाई होती. तिने कौशल्याबाईच्या हातावरचे जांभळे डाग पाहिले, पातळ झालेली कातडी पाहिली आणि पुन्हा विचारलं, "आजी, दुसरं कुठलं औषध घेत होत्या का? गावठी, आयुर्वेदिक, कुणी दिलेली पुडी? मी रागावणार नाही."

कौशल्याबाईने मान हलवली. नाही.

जावई जीवन पुढे झाला. "आई, लपवाले काय झालं?" असं म्हणत त्याने शर्टाच्या खिशातून एक पुडी काढली आणि मोठ्या अभिमानाने डॉक्टरच्या हातावर ठेवली. "हे घेते मॅडम. तीन वर्षांपासून. माह्या सासूबाई स्वतः देतात, एक पैसा घेत नाईत. शंभर टक्के शुद्ध. तुमी तपासून पाहा."

डॉक्टरने पुडी सोडली, वास घेतला, बोटावर चोळली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"हा तर साधा पाला दिसतोय," ती म्हणाली. "यांच्याकडे पाहून मला वाटत होतं की यांच्या पोटात बरेच दिवस स्टेरॉइड जात असावं आणि ते अचानक बंद झालं असावं. रक्त तपासायला पाठवलंय, पण रिपोर्ट उद्या येईल. यांना साखर आहे, जंतुसंसर्ग असू शकतो, पोटातून रक्त जातंय की काय तीही शंका आहे. नुसत्या अंदाजावर इंजेक्शन दिलं आणि चुकलं तर भलतंच होईल." मग ती माणिकबाईंकडे वळली. "मावशी, तुम्हीच देता ना? यात आणखी काही घालता का? आधी कधी घातलं होतं का?"

खाटेभोवतीच्या सगळ्यांनी माणिकबाईंकडे पाहिलं. जीवनने पाहिलं, रागिणीने पाहिलं. जावयाच्या चेहऱ्यावर अजून तोच अभिमान होता.

"नाई वो बाई," माणिकबाई म्हणाल्या. "हेच देते. सासूपासून हेच आहे."

डॉक्टरने पुडी पुन्हा बांधली, बाजूच्या टेबलावर ठेवली आणि आपल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली. शेषराव खाली मान घालून उभे होते. त्यांना डब्यातली पांढरी भुकटी चार वर्षं दिसत होती. त्यांनीही तोंड उघडलं नाही.

माणिकबाईंना वाटलं होतं, आता पायांखालची जमीन हलेल. काही हललं नाही. पंखा फिरत होता, शेजारच्या खाटेवरची पोरगी डाळिंब सोलत होती. आपण इतकं सरळ खोटं बोलू शकतो, याचीच त्यांना लाज वाटली; आणि लाज वाटूनही आपण पुन्हा तेच बोलू, हेही त्यांना कळत होतं.

रागिणी आणि जीवन औषधं आणायला खाली गेले. माणिकबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. कौशल्याबाईने डोळे किलकिले केले. ओठ कोरडे पडले होते. तिने बोटाने त्यांना जवळ बोलावलं.

"ईनबाई..." आवाज इतका खोल गेला होता की माणिकबाईंना कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. "जीवननं दाखवली पुडी... त्याच्यावर रागावू नका. मी नाई सांगतलं. डॉक्टरीनबाईनं तीन डाव इचारलं... मी नाई सांगतलं कोनाले." आणि इतक्या अशक्तपणातही ती जरा हसली. नियम पाळल्याचं समाधान होतं ते. "आजची पुडी राह्यली माही. तेवढी द्या न."

माणिकबाई उठल्या. त्या कशा उठल्या, हे त्यांना पुढेही कधी आठवलं नाही. टेबलावरची पुडी उचलून त्या बाहेर गेल्या. डॉक्टर फोनवर बोलत होती आणि औषधं घेऊन जीवन नेमका जिना चढून वर येत होता. तो असताना बोलू नये, असं त्यांना एकदा वाटलं. पण थांबलं तर आतली बाई हातची जाईल.

"डॉक्टरीनबाई, मी खोटं बोलली," त्या म्हणाल्या. "ह्या पुडीत निर्गुडीचा पाला आहे, सुंठ आहे अन् मेथीदाने आहेत. बस. पन तीन वर्षं जे ईनबाईले देल्लं, ते हे नोतं. त्यात अकोल्याहून आनलेली पांढरी पावडर टाकत होती मी. कायची होती, मले मालूम नाई. मी इचारलंच नाई. ते सराले आली, म्हून ह्या खेपेले नुसता पाला देल्ला."

"किती दिवस झाले बंद होऊन?"

"बारा."

डॉक्टरने पुढचा शब्द ऐकला नाही. ती नर्सला हाक मारत आत धावली.

तीन पिढ्यांनी जपलेली नावं दवाखान्याच्या व्हरांड्यात, फिनाइलच्या वासात, सगळ्यांच्या देखत बोलून झाली होती. निर्गुडी, सुंठ, मेथीदाणे. कोणत्याही म्हातारीला ठाऊक असलेल्या गोष्टी. जीवन औषधांची पिशवी हातात धरून उभा होता. तो सासूला अंग लागू नये म्हणून भिंतीला घासून आत गेला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर माणिकबाईंना बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब वर आला. कौशल्याबाई उशीला टेकून बसली आणि चहा मागितला. मग डॉक्टरने माणिकबाईंना आपल्या खोलीत बसवलं.

"त्या भुकटीत बहुतेक स्टेरॉइडच होतं," ती म्हणाली. "त्याने दुखणं झटकन थांबतं, चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं सोडून देतं. मग ते एकदम बंद केलं की असं होतं, माणूस दगावतोही. मावशी, आयुर्वेदिक औषधालाही सरकारचा परवाना लागतो. डब्यावर परवान्याचा नंबर असतो, कुणी बनवलं, आत काय आहे, सगळं लिहिलेलं असतं. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही ते तोंडात घालू नये, इतकं साधं आहे."

माणिकबाईंच्या औषधाचा सगळा महिमाच कशावरही काही न लिहिण्यात होता.

"डब्यात थोडी भुकटी उरली असेल तर मला आणून द्या, मी खात्याला कळवणार आहे. तुमचं नावही त्यात येईल. आणखी किती जण घेतात?"

"रविवारी शंभरेक येत असतीन. नावं लिहून नाई ठेवले कोनाचे."

"मग त्यांना तुम्हालाच सांगावं लागेल. एकदम बंद करायचं नाही, आधी डॉक्टरकडे जायचं आणि काय खाल्लं ते सांगायचं. त्यांची शेवटची पुडी कधी संपेल?"

माणिकबाईंनी बोटांवर मोजलं. उद्या.

निघताना त्या खाटेजवळ गेल्या. रागिणीने सासूला सगळं सांगितलं होतं, ते तिच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांवरूनच समजत होतं. कौशल्याबाईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मी साऱ्या वरुडात सांगत हिंडली वो ईनबाई," ती म्हणाली. "तुमच्या हाताले गुण आहे म्हून." एवढंच बोलून तिने कूस बदलली.

शनिवारी घरी परतल्यावर शेषराव पहिल्यांदा बोलले. "औषध सरलं म्हून सांग अन् बंद कर. कोनाले काही मालूम होत नाई. लोकं थुंकतीन आपल्या तोंडावर." माणिकबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांनीही हेच केलं असतं. त्यांनी डबा खाली घेतला, कोपऱ्यात चिकटलेली भुकटी चमच्याने खरवडून एका पिशवीत भरली आणि डॉक्टरसाठी बाजूला ठेवली.

रविवारी ओसरी नेहमीसारखी भरली. नत्थुजी पुढेच बसले होते, मेथीची जुडी त्यांनी कडेला ठेवली होती. माणिकबाईंनी बसायचा पाट आणला नाही. उभ्यानेच बोलल्या. अडखळत, मध्येच पाणी पीत, पण काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. पालाही, भुकटीही, विहीणही. कुणाकुणाला वाटलं बाई थट्टा करते आहे. मग कुजबुज झाली, एकजण उठून तणतणत गेला, एक म्हातारी म्हणाली, "मंग आमचे गुडघे कोन पाह्यल आता?" माणिकबाईंनी पुन्हा सांगितलं, आजच दवाखान्यात जा, सोबत कुणाला तरी न्या, ही पुडी खात होतो म्हणून सांगा.

नत्थुजी हलले नव्हते.

"माणिकबाई," ते शेवटी म्हणाले, "माह्या शांतीले बी हेच देत होत्या तुमी?"

"हो."

"मागच्या साली लेकीकडे गेली तं पुड्या इथीच राह्यल्या होत्या. शांती म्हने, वापस जाऊन घेऊन येते. मीच म्हटलं, राहू दे, आठ दिवसानं काय होते." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तिले बी असंच झालं होतं. ओकाऱ्या, अन् मंग उठेच ना. डॉक्टरनं इचारलं, काही घेत होती काय. मी म्हटलं, नाई. तं ते यानंच गेली काय?"

माणिकबाईंना वाटलं, नाही म्हणावं. म्हाताऱ्याला तेवढी तरी झोप लागू द्यावी. पण आता नाही म्हणायचा हक्कही त्यांच्याजवळ उरला नव्हता.

"मले मालूम नाई, नत्थुजी," त्या म्हणाल्या. "पन असू शकते."

नत्थुजी मान हलवत राहिले. मग काठीवर भार देऊन उठले, पायऱ्या उतरले, अंगणात गेले. तिथून परत आले. ओसरीच्या कडेला ठेवलेली मेथीची जुडी त्यांनी उचलली, उपरण्यात गुंडाळली आणि फाटकाबाहेर निघून गेले.

"दवाखान्यात जाजा नत्थुजी," माणिकबाई मागून म्हणाल्या. "एकदम नका सोडू." ते वळले नाहीत.

तेवढ्यात दर्यापूरची गाडी फाट्यावर थांबली. दहा-बारा माणसं उतरून अंगणात शिरली. पुढची बाई लंगडतच ओसरी चढली आणि पदर सावरून माणिकबाईंच्या पायांशी वाकली. माणिकबाई झटकन मागे सरल्या, तिचे दोन्ही हात धरून त्यांनी तिला उभं केलं.

"पाया नका पडू," त्या म्हणाल्या. "बसा. पह्यले आयका."

आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागल्या.